हाताच्या उंचीवर

४ मार्च, मंगळवार

दलाल अर्धा तास उशिरा आला आणि वर मलाच म्हणतो, "मावशी, तुम्ही फार लवकर येता." मी दीड तास बसमध्ये उभी राहून आले. हा दोन गल्ल्या सोडून राहतो.

घर दाखवलं. बाहेरची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, मोरी, मागचा ओटा. संपलं. दोन मिनिटांचं काम, त्याने पाऊण तास लावला. भिंतीवर टिचक्या मारतो, नळ सोडून बघतो, जिभेने च्‌ च्‌ करतो. म्हणाला, "घर दणकट आहे. पण नुसतं दणकट असून भागत नाही मावशी, गिऱ्हाईक डोळ्यांनी घर घेतं." सामान काढा, रंग द्या, मोरीचा नळ बदला. मग वाकून भिंतीकडे बघत राहिला. "हे काय? सगळ्या भिंतींना खिळे? मुंग्यांची रांग लागल्यासारखे?"

म्हटलं, धाकट्या भावासाठी. त्याला दिसत नाही. भिंतीला हात लावत चालतो.

"तो राहणार आहे का आता इथे?"

नाही.

"मग काढा की."

बरोबर बोलला. आई होती तोवर ठीक होतं, ती बघत होती त्याच्याकडे. आईला जाऊन दोन महिने झाले. आंधळा माणूस एकटा घरात ठेवून मी तिकडे झोपू कशी? सध्या माझ्याकडे आणलाय. पण माझ्या दोन खोल्या, तिसरा मजला, आणि मी एकोणसत्तर. मुलीने फोनवरून एक संस्था शोधली – दिसत नाही अशा म्हाताऱ्या माणसांची. चांगली आहे म्हणतात. एक तारखेला तिथे खाट रिकामी होते. घर विकायचं, त्याचा खर्च त्यातून भागवायचा, तो तिथे, मी इथे. प्रश्न मिटला. रडारड करून आजवर कुणाचं भलं झालंय?

लाल दोऱ्याचं रीळ बरोबर आणलं होतं. बत्तीस वर्षं कारखान्यात तयार शर्ट तपासले. जिथे चूक तिथे लाल दोरा, पुढचं पुढच्याने बघायचं. बोलणं नाही, भांडण नाही. इथेही तेच केलं. जिथे चीर, पोपडा, डाग, तिथे दोऱ्याचा तुकडा चिकटवला. रंगाऱ्याने दोरे बघत जायचं. हे लिहिणंही तिथलंच. दिवसाचं काम दिवसाला लिहून मोकळं व्हायचं.

५ मार्च, बुधवार

खिळे काढले. दिवसभर. पक्कड धरून धरून हाताला फोड आला.

हे गोल डोक्याचे पितळी खिळे. बाबा कोच-खुर्च्यांना कापड बसवायच्या कारखान्यात होते, तिथले. खिशातून मूठ मूठ आणायचे. ढब्या सात वर्षांचा असताना तापात त्याचे डोळे गेले. (नाव ढब्या. लहानपणी गोल होता म्हणून पडलं. आता एकसष्ट वर्षांचा आहे, अंगावर मूठभर मांस नाही, पण ढब्या तो ढब्याच.) बरा होऊन घरी आला आणि पहिले आठ दिवस पलंगावरून खाली उतरला नाही. नवव्या दिवशी बाबांनी हातोडी घेतली. मी पंधरा वर्षांची. खिळ्यांची डबी धरून बाबांच्या मागे मागे.

खोलीच्या दाराशी एक खिळा म्हणजे बाहेरची खोली. दोन म्हणजे मधली. तीन म्हणजे स्वयंपाकघर. चार मोरी. आणि जिथे पायरी, तिथे पाच, चौकोनात एक मध्ये. दारांच्या मधल्या भिंतीला सरळ ओळ, हात धरून नेल्यासारखी. ढब्याला उभं करून त्याच्या बोटांच्या उंचीवर ठोकले सगळे.

मी म्हटलं होतं, बाबा, एवढ्या खाली कशाला, तो वाढेल की.

बाबा म्हणाले, "वाढला की वाकेल."

तसाच वाकला. वाढला आणि उजव्या अंगाला वाकून चालायला लागला. अजून तसाच चालतो, जिथे खिळे नाहीत तिथेही.

दुसरी एक ओळ निघाली. बाबांच्या ओळीच्या वीतभर वर. पितळी नाहीत, साधे लोखंडी, मोठ्या डोक्याचे. वाकडेतिकडे, काही दोन-दोनदा ठोकलेले, आजूबाजूला गिलावा फुटलेला. तपासणीत असं काम आलं असतं तर पूर्ण गठ्ठा परत पाठवला असता. ढब्याने कधीतरी उद्योग केला असेल. याला काय गरज पडली कोण जाणे, साठ वर्षांत घर पाठ झालंय.

सगळे खिळे एका डबीत भरले. दलाल म्हणाला फेका. खिळा कधी फेकायचा नसतो.

६ मार्च, गुरुवार

डाव्या खांद्याला मोठं काळंनिळं. स्वयंपाकघराची चौकट अरुंद आहे. आईने असल्या चौकटीत जन्म काढला!

९ मार्च, रविवार

आज घरीच. म्हणजे माझ्या घरी.

ढब्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो. सकाळी बसवलं की संध्याकाळपर्यंत तिथेच. जेवण झाकून ठेवून जाते, तेही मी सांगितलं तर खातो. गॅसला हात लावायचा नाही असं पहिल्याच दिवशी बजावून ठेवलंय. "बरं" म्हणाला. मी काहीही म्हटलं की "बरं". माणसाने कधीतरी भांडावं.

आज मुद्दाम म्हटलं, अरे उठ, चार पावलं चाल, कोच झालायस नुसता.

"कुठे चालू?"

"घरात."

"तुझ्या घरात वस्तू फिरतात, ताई."

खरं आहे. आईच्या घरात वस्तू फिरत नसत. स्टूल तिथेच, बादली तिथेच, चपलासुद्धा भिंतीला टाच लावून. मी सोळा वर्षांची असताना एकदा स्टूल वाटेत राहिलं. ढब्या त्यावर पडला, कपाळाला टाके. आईने मला आयुष्यात एकदाच मारलं, ते तेव्हा. कपाळावरची खूण अजून आहे. लग्न होऊन गेले त्या रात्री मी नव्या घरात खुर्ची मुद्दाम वाकडी करून ठेवली. कुणी काही बोललं नाही. काय बरं वाटलं होतं! पन्नास वर्षं मी वस्तू वाकड्याच ठेवत आले.

चहा केला. कप त्याच्या पुढ्यात ठेवताना बशीत सांडला.

तो म्हणाला, "ताई, दिवा लाव की."

आंधळा मला सांगतो दिवा लाव. दिवा लागलेलाच होता.

जेवताना म्हणाला, "विकायच्या आधी एकदा घरी नेशील?" म्हटलं, रंग चाललाय, सगळीकडे पसारा, तिथे कुठे धडपडशील. झालं की नेते.

"बरं."

११ मार्च, मंगळवार

रंगारी आला. मला "आजी" म्हणाला. त्याच्या स्वतःच्या मिशा पांढऱ्या आहेत. मी अजून काठीसारखी ताठ आहे, शिडीवर चढून कोपरे झाडते.

दुपारी हाक मारली, "आजी, या भिंतीचं काय करायचं? नुसता रंग मारू?"

कुठल्या?

"ही डावीकडची. हिच्यावर एकही दोरा नाही तुमचा. आणि सगळ्यात खराब हीच आहे, वरपासून खालपर्यंत ओल."

बघितलं. खरंच. एक दोरा नाही. शिंकताना डोळे मिटावेत तशी ती अख्खी भिंत राहून गेली. मी त्याला म्हटलं, तुला काम कळतं की नाही बघत होते. तो हसला. मला नाही हसू आलं. बत्तीस वर्षांत माझ्या हातून एक शर्ट परत आला नव्हता.

पुट्टी भरायला सुरुवात. खिळ्यांची भोकं सगळी बुजवली. भिंत गुळगुळीत झाली. हात फिरवून बघितला. काही लागत नाही हाताला.

१३ मार्च, गुरुवार

स्वयंपाकघर रिकामं केलं. भंगारवाला दोनदा येऊन गेला. जुनी भांडी, आईचा पलंग, कपाट, ती स्टुलं. घर एवढं लहान होतं की मोठं, कळेना. रिकाम्या खोलीत आपलाच खोकला अंगावर येतो.

डबे काढले. प्रत्येक डब्याच्या गळ्याला रबरबँड. कुणाला एक, कुणाला दोन, कुणाला पाच. मीठ एक. साखर दोन. चहाची पावडर तीन. असे फळीभर. गॅसच्या बटणावर तारेचा वेढा, ते फक्त एवढंच वळावं म्हणून. विळीच्या जागी किसणी आणि एक बोथट सुरी.

ढब्याचं काम म्हणावं तर तो कशाला येईल स्वयंपाकघरात? आई त्याला चमचा उचलू देत नसे.

आईचा नवा चष्मा सापडला. मीच करून दिला होता, चार वर्षांपूर्वी. घरात जुनाच लावते म्हणायची. काचेवरचा कागदी ठप्पासुद्धा काढलेला नाही. म्हातारीला जपून ठेवायची भारी हौस. मेल्यावर काय उपयोग!

१४ मार्च, शुक्रवार

आज काय लिहू ते कळत नाही. पण सवय आहे म्हणून लिहिते.

शेजारीण आली होती. भिंतीला भिंत लावून राहते, तीस वर्षं. चहा घेऊन आली, ओट्यावर बसली. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, "ताई, घर विका, तुमचं बरोबरच आहे. पण त्यांच्या हातच्या जेवणाची आठवण येते हो."

म्हटलं, हो, आईचा हात चांगलाच होता.

ती म्हणाली, "आईंचा नाही. भाऊंचा."

माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "तुम्हाला माहीत नव्हतं? आईंना चार वर्षं काही दिसत नव्हतं. काचबिंदू. डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले होते, तोवर फार उशीर झालेला. स्वयंपाक भाऊ करायचे. त्यांचे केस विंचरायचे, आंघोळीचं पाणी काढायचे. भिंतीला खिळे मारत होते त्या दिवशी आवाजाने मी धावत आले, म्हटलं हे काय चाललंय. म्हणाले, आईला शाळेत घातलंय."

मी म्हटलं, मी दर दोन महिन्यांनी येत होते.

"हो ना," ती म्हणाली. "म्हणूनच मला वाटलं, तुम्ही बघून जाता."

दुपारची बस, संध्याकाळची परत. आई खुर्चीत बसलेली असायची. मी गेले की माझा हात हातात घ्यायची, मनगट चाचपायची आणि म्हणायची, "बारीक झालीस गं." दर वेळी. मी चांगली जाड झाले होते तेव्हाही. चहा ढब्या आणून द्यायचा. कप तेवढा धरून आणतो, कौतुक आहे, असं मला वाटायचं. आणि निघताना मी दारात उभी राहून त्याला सांगायचे – आईला फार राबवू नकोस.

दर वेळी सांगायचे.

१५ मार्च, शनिवार

ढब्याला विचारलं. सरळ विचारलं, मला वळणं घेता येत नाहीत.

"आईला दिसत नव्हतं?"

"शेजारणीने सांगितलं वाटतं."

"तू का नाही सांगितलंस?"

"आई नको म्हणाली."

"का?"

"राहू दे ना, ताई."

"का?"

"म्हणाली, थोरलीला कळलं तर ती एका दिवसात आपल्या दोघांना उचलून घर मोकळं करील. तिला अडगळ बघवत नाही." मग घाईने म्हणाला, "रागाने नाही बोलली. हसत बोलली होती."

असेल. आई माझ्याबद्दल हसतच बोलायची. मीही हसले असते.

मग विचारलं, तुला कसं कळलं पहिल्यांदा? तिने सांगितलं?

"ती कुठली सांगायला! पायावरून कळलं. पाय उचलून टाकणारी बाई, घासून चालायला लागली. मग वस्तूंना धडकायला लागली आणि वस्तूंनाच शिव्या द्यायला लागली. आपल्या घरात, जिथे साठ वर्षं काही हललं नाही. तेव्हा मी खिळे आणवले." जरा हसला. "पहिल्या दिवशी तिला धरून नेलं, तर म्हणते कशी – तू सात वर्षांचा असताना मी तुला असंच नेलं होतं, तेव्हा तू एवढी कुरकुर नाही केलीस. कुरकुर तीच करत होती."

नंतर म्हणाला, "ताई, तू..."

"काय?"

"काही नाही."

मी म्हटलं, गॅसला हात लावायचा नाही म्हटलं तेव्हा बोलायचं होतंस की, मला येतं म्हणून. तो म्हणाला, "घर तुझं आहे."

१६ मार्च, रविवार

झालं ते झालं. गिऱ्हाईक ठरलं आहे. शाळेत शिकवणारी बाई आणि तिचा नवरा, सरळ माणसं. परवा शेवटचं बघायला येणार, चोवीस तारखेला कागद. ढब्याचीही सही लागते. त्याला सही येते, आईने हातात हात धरून शिकवली होती. संस्थेला चादरी आणि दोन जोड कपडे लागतात, ते काढून ठेवले. आता मागे फिरून काय करायचं? त्याच्याबरोबर त्या घरात कोण राहणार? उद्या मी पडले तर?

परवा सकाळी लवकर त्याला घेऊन जाते. गिऱ्हाइकाच्या आधी. शब्द दिलाय.

१८ मार्च, मंगळवार

बसमध्ये ढब्या बोलत होता. दोन महिन्यांत एवढा बोलला नव्हता. कंडक्टरला थांबा यायच्या आधीच म्हणाला, "आता वळण, मग गिरणी, मग आम्ही." कंडक्टर म्हणाला, "काका, तुम्ही तिकिटं फाडा, मी बसतो."

फाटकापाशी त्याने माझा हात सोडला. अकरा पावलं, दोन पायऱ्या. धडाधड चढला. माझ्याच पायाखालची पायरी चुकली, मी कठड्याला धरून थांबले. तोवर तो आत.

आत गेला आणि उजवा हात भिंतीला लावला. वाकून. तिथेच, जिथे लावायचा.

मी दारातून बघत होते. बोटं पुढे गेली. मागे आली. वर गेली, आईच्या ओळीला. तिथेही नाही. मग त्याने पूर्ण तळवा टेकवला आणि भिंत पुसल्यासारखा फिरवत राहिला. रंगाचा वास, दुसरा कसलाच वास नाही. सामान नाही, त्यामुळे आवाजही सगळीकडून येतो.

खोलीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. दोन्ही हात थोडे पुढे धरून. सात वर्षांचा असताना पलंगावरून पहिल्यांदा उतरला होता, तसा.

म्हणाला, "ताई, आपण कुणाच्या घरी आलो?"

मी म्हटलं, आपल्याच. रंग दिलाय.

"खिळे?"

"काढले."

"आईचे पण?"

"सगळे."

"बरं," म्हणाला.

मग स्वयंपाकघराकडे जायला निघाला आणि मोरीच्या दाराला जाऊन धडकला. जोरात नाही. कपाळ आपटलं, त्या जुन्या खुणेवरच. मी धावले. तो म्हणाला, "काही नाही, काही नाही, चौकट कुठे गेली बघत होतो." विनोद करायला गेला तो. मग भिंतीला टेकून खाली बसला. मी शेजारी बसले. बसायला दुसरं काही नव्हतंच घरात.

मास्तरीणबाई आल्या. छान आहे म्हणाल्या, किती स्वच्छ, किती मोकळं. ढब्या उठून उभा राहिला आणि त्यांना म्हणाला, "मागच्या ओट्यावर सकाळी ऊन येतं. पाठ शेकायला चांगलं." कुठला ओटा ते दाखवायला हात केला. उलट्या दिशेला.

परतीच्या बसमध्ये माझ्या बाजूला बसून हळू म्हणाला, "ताई, एक बोलू? रागावू नकोस. तू पाय घासत चालतेस. तुझ्या घरात आलो त्या दिवसापासून ऐकतोय. आज पायरीला पण चाचपडलीस. आई आधी अशीच चालायची."

मी म्हटलं, गप्प बस. गुडघे आहेत ते.

१९ मार्च, बुधवार

दिवसभर गुडघ्यांना तेल चोळत बसले.

२१ मार्च, शुक्रवार

मुलीचा फोन. "आई, मामाला तिथे सोबत मिळेल, तू उगाच मनाला लावून घेतेस." ती तिकडे दूर बसून उंटावरून शेळ्या हाकते. पण माझीच मुलगी, माझ्यासारखीच बोलते. अगदी माझ्यासारखी. ऐकताना बरं नाही वाटलं.

फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले. सरळ समोर बघत उभी राहिले, मान न वळवता. गॅस दिसतो. गॅसच्या डावीकडे मोरीचा दगड, घागर, कपड्यांची दोरी. तिथे काय आहे ते मला माहीत आहे. दिसत नाही. माहीत असल्यामुळे दिसतं असं वाटत होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली. ढब्याला खोटं पाडायला.

२२ मार्च, शनिवार

दलालाला फोन केला, चोवीस तारीख पुढे ढकला. का विचारतो. म्हटलं, सहीच्या माणसाला बरं नाही. कुठल्या माणसाला ते सांगितलं नाही.

२६ मार्च, बुधवार

अंधाऱ्या खोलीत एका यंत्रापुढे बसवलं. हनुवटी टेकवायची, मध्ये बघायचं, कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. पोर होती तपासायला. म्हटलं, अगं, मी बत्तीस वर्षं हेच केलंय, पांढऱ्यावरचा पांढरा धागा धरायचे.

"छान आजी. फक्त नजर हलवू नका."

दाबत होते. मग बराच वेळ काही चमकेना. म्हटलं, बंद पडलं गं तुझं यंत्र.

ती म्हणाली, "चालू आहे आजी. तुम्ही बसा तशाच."

डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला होतं का असं? मी म्हटलं, आईला. "मग आधी यायचं होतं. पोराबाळांनी तपासून घ्यायचं असतं." म्हटलं, आईने सांगितलं नाही. त्यांनी अजून एक तपासणी लिहून दिली. सोमवारी नक्की कळेल.

आईने का सांगितलं नाही ते काही त्यांना सांगितलं नाही.

२८ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी ढब्याला म्हटलं, चहा कर.

"गॅसला हात लावू?"

"लाव. कुठे काय आहे ते सांगते."

सगळं एकेक करून सांगितलं. वाकडी खुर्ची सरळ केली. स्टूल भिंतीला लावलं. त्याने चहा केला. एक थेंब सांडला नाही. कप माझ्या हातात देताना आधी माझं मनगट धरलं, मग हातात कप दिला. आईला असाच देत असेल.

म्हणाला, "बारीक झालीस गं."

कुठली बारीक! मी कप तोंडाला लावला.

१ एप्रिल, मंगळवार

काचबिंदूच. डावीकडचं गेलं ते परत येत नाही. उजवीकडचं औषधाने राहील तेवढं राहील. संस्थेला सांगितलं, खाट दुसऱ्या कुणाला द्या. दलाल फोनवर फार बोलला, बोलू दिलं.

सकाळी ढब्याला घेऊन घरी आले. राहायला. डबी त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, "भिंतीपाशी उभी राहा, ताई. हात सैल सोड. ताठ नको, चालतेस तशी."

उभी राहिले. माझी बोटं टेकली तिथे त्याने अंगठा ठेवला, खिळा धरला आणि हातोडी मारली. एका ठोक्यात आत गेला. भिंत तिथे मऊ होती.

आईचंच भोक होतं.